ब्रिसलनोज सकर रुळताना : धुळ्यातल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज उरकली. पाहुणे गेल्यावर लेकीला हाताशी घेऊन माळ्यावरची लहान टाकी खाली काढली, खडेमिठाने घासली, स्वच्छ पाण्याने खळखळून धुतली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली तर सुमारे चाळीस लिटर. नवा मासा आधी इथे राहील. अंगावर काही रोग असेल तर तो इथेच कळेल, आणि मोठ्या टाकीतले गप्पी, मॉली, गुरामी वाचतील. पण मला वेगळ्या टाकीचं खरं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मासा एकटा असला की तो खातोय की नाही हे नक्की सांगता येतं. दहा माशांच्या गर्दीत ते कळत नाही.

मासा ठरला आहे, काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा ब्रिसलनोज सकर. दुकानात नुसतं ‘सकर’ म्हटलं की बोटाएवढा, स्वस्तातला साधा सकर पिशवीत घालून देतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो, टाकीत मावेनासा होतो आणि मग लोक त्याला नदीत नाहीतर तलावात सोडून येतात. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आणि आंध्रातल्या मत्स्यतळ्यांत ते असेच सुटून पसरलेत, आणि त्यांच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. आमच्या पांझरा नदीत किंवा नकाणे तलावात असं व्हायला नको. ब्रिसलनोज त्याच कुळातला, पण पाच-सहा इंचांवर थांबतो. तीन फुटी टाकीत तो जन्मभर राहू शकतो.

मोठ्या टाकीत सप्टेंबरपासून एक जादा स्पंज फिल्टर, म्हणजे हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी, चालू ठेवला आहे. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं पुष्कळ सौम्य. कोऱ्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. या स्पंजात ती आधीच मुरली आहे. मासा येईल त्याच दिवशी स्पंज इकडे हलवायचा. रिकाम्या टाकीत आधी आणून ठेवला तर जिवाणू उपाशी मरतील.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लपायच्या जागेची सोय. आईने फडताळातून गेल्या संक्रांतीला उरलेलं कोरं सुगड काढून दिलं. रंग नाही, झिलई नाही, साधी भाजलेली माती. तोंड रुंद आहे. आडवं ठेवून वाळूत अर्धं रोवलं. सकरला अंग तिन्ही बाजूंनी टेकेल अशी जागा लागते, नुसता आडोसा पुरत नाही.

लाकडाचा तुकडा दुकानातूनच आणला होता. मोठ्या पातेल्यात उकळला, पाणी चहासारखं झालं, ते फेकून पुन्हा उकळला. आता बादलीत वीट ठेवून बुडवलाय. सकर लाकूड पचवून जगतो असं नाही. ओल्या लाकडावर जो बुळबुळीत थर धरतो तो खरवडत बसायला त्याला आवडतं. म्हणून लाकूड शोभेचं नाही, ते त्याचं ताट आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मासा आणला.

दुकानात कोलकात्याहून माल उतरला तो गेल्या आठवड्यात. त्याच दिवशी मला दाखवले होते, पण मी घेतला नाही. लांबच्या प्रवासाआधी मासे मुद्दाम उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. त्यावर प्रवास, त्यावर दुकानाच्या टाकीतली गर्दी. उतरल्या दिवशीचा मासा घरी नेला तर त्याला लागोपाठ दोन धक्के बसतात. आठवडाभर दुकानातच तगलेल्यांतून निवडणं मला जास्त पटतं.

निवडताना एकच गोष्ट नीट बघितली. सकर काचेला चिकटला की त्याचं पोट आपल्या समोर येतं. ते सपाट किंवा किंचित फुगीर हवं. आत ओढलेलं, खळगा पडलेलं पोट आणि खोल गेलेले डोळे असतील तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे, आणि असा मासा सावरायला फार अवघड. मी घेतला त्याचं पोट सपाट आहे. भरलेलं नाही, पण खपाटीलाही गेलेलं नाही. लांबी साधारण दोन इंच, काळपट अंगावर पिवळे ठिपके, पाठीचा पर उभारलेला.

दुकानदार जाळी घेऊन आला तेव्हा त्याला थांबवलं. या माशाच्या परांना काटे असतात, गालांवरही बारीक काट्यांचा झुबका असतो. घाबरला की तो सगळे ताणतो आणि जाळीत अडकतो. मग सोडवताना एक तरी काटा मोडतो. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरला आणि त्याला हळूच आत ढकलला. दुकानदार भला माणूस आहे, पण निघताना म्हणाला, “भाऊ, मूठभर मीठ टाका अन् निळं औषध दोन-चार थेंब, म्हणजे टेन्शन नाही.” मी टाकणार नाही. रोग दिसत नसताना औषध देऊन काय साधणार? सकरच्या अंगाला मीठ आणि औषधं जास्त झोंबतात, आणि ते निळं औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारक आहे.

घरी पिशवी अर्धा तास टाकीवर तरंगत ठेवली, मग मासा पाण्यासकट बादलीत घेतला. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब बादलीत सोडलं, तासाभरात पाणी तिप्पट झालं. हे चाललं, कारण दुकान गल्लीपलीकडे आहे. मासा लांबून आलेला असता तर इतका वेळ लावला नसता. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू (पीएच) खाली जातो आणि अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, सामू चढतो आणि त्याच अमोनियाचं विष होतं. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. आमचं बोअरचं पाणी ७.८ दाखवतं. काळ्या खडकातलं पाणी, जड; काचेवर पांढरे ओघळ धरतात. टाकीत पैदास झालेला ब्रिसलनोज ते सोसतो.

दिवा बंद. टाकीच्या पुढच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. आज खायला काही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिसला नाही. सुगडाच्या तोंडाशी शेपटीचं टोक आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पाणी २५ अंश. काल रात्री दिवे घालवल्यावर अल्गी वेफरचा, म्हणजे सकरसाठीच्या बुडणाऱ्या शेवाळवडीचा, पाव तुकडा सुगडासमोर टाकला. सकाळी तो जसाच्या तसा फुगून पडला होता. नळीने ओढून काढला.

लेक रडकुंडीला आली. तिला सांगितलं की थंड रक्ताच्या प्राण्याला आपल्यासारखं दोन वेळचं लागत नाही. चांगल्या अंगाचा सकर आठवडाभर काही न खाता राहिला तरी त्याला काही होत नाही. न खाल्लेलं अन्न टाकीत सडलं तर मात्र होतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मतदान करून आलो आणि उरलेला दिवस टाकीसमोर काढला. वर्तमानपत्राची एक कड उचलून आत बघितलं.

तो लाकडाच्या खालच्या अंगाला चिकटला होता, डोळा माझ्याकडे. या माशाच्या डोळ्यात एक विलक्षण सोय आहे. बुबुळाच्या वरच्या कडेने एक पाळी खाली उतरते. उजेड वाढला की ती मोठी होते आणि काळ्या बाहुलीची गोल चकती घोड्याच्या नालेसारखी उरते. अंधार झाला की पाळी आवळते आणि डोळा पुन्हा गोल. आम्ही वर्तमानपत्र खालीवर करून पाहिलं. लेकीने वहीत दोन्ही डोळे काढले. हा अंधारात वावरणारा प्राणी आहे हे तिला मी सांगण्यापेक्षा त्या डोळ्याने जास्त पटवलं. भरदुपारी दिव्याखाली अन्न टाकून तो खात नाही म्हणणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

कल्ले संथ चालू आहेत. वर झेपावून हवा घेत नाही. सकर पोटात हवा घेऊन त्यातला प्राणवायू वापरू शकतो, पण एरवी निवांत असताना तो तसं करत नाही. सारखा वर जाऊ लागला तर आधी पाणी तपासायचं.

आज रात्री गिलके, म्हणजे घोसाळं. परसातल्या वेलाचं आहे, त्यावर फवारणी नाही. बाजारच्या भाजीवर मारलेलं औषध माणसाला धुऊन चालतं, चाळीस लिटर पाण्यातल्या दोन इंचाच्या माशाला चालेलच असं नाही. साल काढली, बोटभर जाडीची चकती कापली आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवली. कच्ची चकती तरंगते आणि कडक राहते. उकळलेली काचेसारखी पारदर्शक होते, मधला गर पिळपिळीत होतो आणि ती बुडते. गार करून स्टीलच्या काट्याच्या चमच्यात टोचली आणि चमच्यासकट तळाशी ठेवली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गिलके जसंच्या तसं. सकाळी सातला काढून टाकलं.

ओळखीच्या माणसांचे सल्ले सुरू झालेत. एक म्हणतो जिवंत किडे दे, एक म्हणतो टाकीत जोडीदार सोड. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की तो टाकीतली घाणच खातो, वेगळं काही द्यायची गरजच नाही. हा शेवटचा समज सगळ्यात घातक. सकर माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचं शेवाळ खातो खरा, पण लख्ख टाकीत तेवढ्यावर त्याचं पोट भरत नाही, आणि ‘सफाईवाला’ म्हणून आणलेले किती सकर असे हळूहळू भुकेने मेलेत ते मी या गावात पाहिलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस. दुपारपासून चौकात ढोल आणि फटाके. टाकीवर जाड चादर टाकली.

आणि आजच पुरावा मिळाला! रात्री मागची काच पुसायला म्हणून टॉर्च तिरका धरला, तर हिरवट शेवाळाच्या पातळ थरात एक नागमोडी पट्टा स्वच्छ झालेला. कडा नीट बघितल्या तर पट्टा म्हणजे एकापुढे एक उमटलेले नखाएवढे अर्धगोल. म्हणजे रात्री तो त्या काचेवरून तोंड घासत वर गेला आणि परत आला. सुगडामागे वाळूवर हिरवट-तपकिरी दोरेही पडलेले सापडले, बोटभर लांब. ही त्याची विष्ठा. रंगाची विष्ठा म्हणजे पोटात अन्न जातंय. पांढरी, पोकळ दोऱ्यासारखी असती तर काळजी होती. ती रिकाम्या आतड्याची किंवा जंतांची खूण असू शकते.

एकंदरीत, तो खातोय. आम्ही देतो ते नाही, त्याला सापडलं ते. इतक्या दिवसांत हा मला पहिला भक्कम निरोप. मागची काच पुसायचा बेत रद्द.

२५ नोव्हेंबर, सोमवार

टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून रबर लावलं. लाल उजेडाने हे मासे फारसे बिचकत नाहीत. रात्री अकराला लेक आणि मी अंधारात बसलो.

तो समोरच्या काचेवर आला. तोंड खालच्या बाजूला, ओठांची गोल चकती काचेला घट्ट बसलेली, आणि त्या चकतीच्या मधोमध दातांच्या दोन ओळी. दात केसांसारखे बारीक आणि टोकाला वळलेले. खालची ओळ पुढे सरकते, काच खरवडते, मागे येते, सेकंदाला दोन-तीनदा. चकती तशीच चिकटून राहते आणि तरीही मासा पुढे सरकतो. कल्ल्यांतून पाणी आत-बाहेर चालूच. पोट आता स्पष्ट दिसलं, आणलं तेव्हापेक्षा भरलेलं.

लेक श्वास रोखून बघत होती. मध्येच कुजबुजली, “पप्पा, याला बोलायला तोंडच मोकळं नाही.” त्याचं नाव काळू ठेवलंय.

१ डिसेंबर, रविवार

रात्री ठेवलेल्या गिलक्याचा मधला गर गायब, कडेचं कडं तेवढं चमच्याला लटकलेलं. पुरावा दुसरा. आता पाव वेफर आणि गिलके आलटून पालटून. वाटाण्याचे सोललेले दाणेही ठेवून बघणार.

वर्तमानपत्र निम्मं खाली उतरवलं.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. घरात भरीत-रोडग्याचा नैवेद्य, चातुर्मासभर सोडलेलं वांगं आज पुन्हा चुलीवर भाजलं गेलं. बाजारातून बामणोदची पांढरट हिरवी वांगी आणली होती. लेकीला काळूलाही भरीत द्यायचं होतं. तेल, मिरची आणि लसणाचं नाव काढल्यावर ती थांबली. त्याला दुधीची चकती दिली. खाल्ली, पण गिलक्याइतकी नाही.

१५ डिसेंबर, रविवार

थंडी फारच वाढली. धुळ्याचा पारा कृषी महाविद्यालयात मोजतात, तो एक आकडी झालाय. काल रात्री वीज गेली ती पहाटे आली. सकाळी लहान टाकीचं पाणी १९ अंश. एरवी हीटर २५ धरून ठेवतो.

काळू लाकडाखाली. दोन रात्री अन्नाला शिवलेला नाही. काचेवर नवी खूण नाही, वाळूवर दोरे नाहीत.

मी पाणी तपासत बसलो होतो, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आई स्वेटरवर शाल घेऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, “त्याले थंडी वाजी ऱ्हायनी व्हई.” नेमकं तेच. माशाचं अंग पाण्याच्या तापमानाचंच असतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक मरते. अशा वेळी जास्त खायला घालणं म्हणजे सडवायला घालणं. भूक परत आणायची तर पाणी परत आणायचं.

पण घाईने नाही. गरम पाणी ओतून चटकन सहा अंश चढवले तर तो दुसरा धक्का. हीटर आधी २२ वर लावला, रात्री २४, उद्या २५.

१६ डिसेंबर, सोमवार

टाकीच्या तिन्ही बाजूंना आणि खाली थर्माकोलचे तक्ते बसवले. वर काचेचं झाकण होतंच. काचेच्या टाकीची ऊब सगळ्यात जास्त वरून जाते, वाफ होताना; झाकण नसेल तर हीटर रात्रभर चालू राहूनही पुरत नाही. टाकी खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवली. वीज गेली तर गोधडी टाकायची, पण स्पंज फिल्टरला हवा हवीच, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवला. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो, त्यामुळे एका रात्रीने मासा गुदमरत नाही. स्पंजातल्या जिवाणूंना मात्र वाहतं पाणी लागतं.

जेवणाआधी आईने विचारलं, “हाऊ काही खास का नही?” नाही, अजून खात नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

पाणी तीन दिवस २५ वर स्थिर. आज पहाटे काचेवर अर्धगोलांची नवी रांग, अगदी हीटरच्या शेजारून गेलेली. रात्री ठेवलेला वेफर संपला. हीटरच्या नळीला तो चिकटून भाजू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळीदार टोपी बसवली. हिवाळ्यात सकर उबेला जाऊन बसतो आणि पोटाची कातडी जाळून घेतो, कारण पाठीवर कवचाच्या पट्ट्या आहेत पण पोट उघडं असतं.

२९ डिसेंबर, रविवार

मोठ्या टाकीत हलवला. अंगावर ठिपके नाहीत, पर शाबूत, पोट गोल. दोन्ही टाक्यांचं पाणी एकाच बोअरचं असल्याने थेंबांचा सोहळा थोडक्यात उरकला. सुगड आणि लाकूड दोन्ही त्याच्याबरोबर पाठवलं. नव्या जागी ओळखीच्या दोन वस्तू असल्या की तो सरळ तिथे जातो. आज तेच झालं. डब्यातून सुटला, तळाला एक फेरी मारली आणि सुगडात शिरला.

५ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा कसरत. मोठ्या टाकीत गुरामी आहेत, मॉली आहेत. वेफर तळाला पोचायच्या आत मॉली त्याचे लचके तोडतात. दिवा घालवून टाकला तरी वासावर येतात. गिलक्याला तर गप्पीही लोंबकळतात. काळूच्या पोटाकडे आज लाल उजेडात बघितलं. खपाटीला गेलेलं नाही, पण डिसेंबरात होतं तितकं गोलही नाही.

यावर ताकद किंवा जास्त अन्न हा उपाय नाही. वेळ आणि जागा बदलली. मॉली-गप्पींना दिवा घालवायच्या अर्धा तास आधी भरपेट द्यायचं. मग दिवा बंद, तासभर थांबायचं, ते निजतात. त्यानंतर वेफर लांब नळीतून थेट सुगडाच्या पोटात सोडायचा. सुगडाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं, आत शिरायला वाट सकरपुरती.

९ जानेवारी, गुरुवार

सुगडातून वेफर रोज संपतोय. मॉली तोंडाशी येऊन फिरतात, आत जात नाहीत. काळू गालाचे काटे काढून आडवा होतो. त्याने कुणाला जखम केलेली नाही.

पालक उकळून दिला, पाने उडून फिल्टरला अडकली. पुन्हा नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने यंदा एक सुगड जास्तीचं आणलं, न विचारता. मोठ्या टाकीत दुसऱ्या टोकाला ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

नाकाच्या कडेला पाच-सहा बारीक कोंब फुटलेत. मादीलाही नाकाच्या कडेवर आखूड कोंब येतात. नराला मात्र कपाळापर्यंत फांद्या फुटलेले येतात. अजून सांगता येत नाही. लांबी पावणेतीन इंच, काचेवर चिकटलेला असताना बाहेरून पट्टी धरून मोजली. पोट गोल. आता तो संध्याकाळी दिवा चालू असतानाही लाकडावर येऊन बसतो, मी जवळ गेलो तरी लगेच पळत नाही.

शेजारच्या मुलाला सकर हवा आहे. त्याला दुकानात घेऊन गेलो, साधा सकर आणि ब्रिसलनोज दोन्ही दाखवले, आणि काचेला चिकटलेल्या माशाचं पोट कसं बघायचं ते दाखवलं. दोन महिन्यांची फिल्टरची तयारी ऐकून तो थोडा हिरमुसला. पण आमच्या मोठ्या टाकीत त्याच्यासाठी एक स्पंज आजच टाकून ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आता ऊन लागतं. हीटर बंद केला तरी पाणी २६. मे महिन्यात खान्देशात ४४-४५ अंश नवं नाही, आणि ब्रिसलनोजला २७ च्या वर फार काळ नको. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३५ ला सात. शिवाय गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यामुळे हिवाळ्याची मांडणी आता उलटी करायची. थर्माकोल काढला. काचेच्या झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, म्हणजे वाफ उडून पाणी गार राहील. पाण्यावर तिरका वारा देणारा छोटा पंखा आज चालवून पाहिला; तासाभरात पाणी दीड अंश उतरलं. वाफेने पाणी घटेल तेव्हा बोअरचं न टाकता आरओचं टाकायचं, नाहीतर क्षार साठत जातील. टाकीला बुडबुडे सोडणारा आणखी एक एअर स्टोन.

गिलक्याचं वेळापत्रकही बदललं. थंडीत रात्री ठेवलेली चकती सकाळी सातपर्यंत टणक राहायची. आज पहाटे पाचलाच तिला बुरी सुटली होती. मार्चपासून चकती अर्धी, टाकायची रात्री अकराला आणि काढायची आई पहाटे दिवा लावायला उठते तेव्हा. तिने ते काम स्वतःहून मागून घेतलं आहे.